एका मॅचमध्ये १०० पॉइंट्स: हे एकट्याचं काम आहे का?

माझा एक मावसभाऊ आहे, पक्का क्रिकेटवाला. त्याला मी एकदा मोठ्या उत्साहाने सांगितलं की बास्केटबॉलच्या एका मॅचमध्ये एका माणसाने एकट्याने १०० पॉइंट्स केलेत, तर चहाचा घोट घेत दादा म्हणतो, "बरं मग? सेंच्युरी तर आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी मारतंच." राग आला, पण नंतर वाटलं त्याचं तरी काय चुकलं, नुसता आकडा ऐकून तो डोंगर आहे की टेकडी हे कसं कळणार. म्हणून हे सगळं एकदा दादाला पटेल अशा भाषेत लिहून काढतोय. ज्यांना एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग, तोंडपाठ आहे त्यांनी पुढचा एक पॅरा सोडून दिला तरी चालेल.

आधी पट्टी ठरवू. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची, १२-१२ मिनिटांचे चार क्वार्टर, बरोबरी झाली तर ५ मिनिटांचा ओव्हरटाइम. साधा बास्केट २ पॉइंट्सचा, लांबच्या रेषेबाहेरून टाकला तर ३, आणि समोरच्याने फाउल केला की मिळतो तो फ्री थ्रो, म्हणजे कोणी आडवं येत नाही, शांतपणे उभं राहून टाकायचा, त्याचा १. लीगमधला चांगला स्टार मॅचला २५ च्या आसपास करतो. ५० झाले की दुसऱ्या दिवशी हेडलाइन. ६० म्हणजे लोक झोपेतून उठून फोन बघतात (आपल्याकडे तर बऱ्याच मॅचेस सकाळीच असतात, दात घासता घासता कळतं). आणि ७० च्या वर गेलेली माणसं लीग १९४६ साली सुरू झाल्यापासून बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. दादा, तुझ्या भाषेत सांगायचं तर ५० म्हणजे वनडेत दीडशे आणि ७० म्हणजे डबल सेंच्युरी असं ढोबळमानाने धर.

आता खरा मुद्दा. क्रिकेटमध्ये रन्स म्हणजे खेळलेले बॉल गुणिले स्ट्राइक रेट, बरोबर ना? इथेही अगदी तसंच आहे, पॉइंट्स म्हणजे मिळालेले चान्स गुणिले एका चान्सला निघणारे पॉइंट्स. आपण सगळे दुसऱ्या गोष्टीवर फिदा असतो, काय शॉट मारला, काय नेम आहे वगैरे, पण रेकॉर्ड बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीत दडलेला असतो. चान्स किती मिळाले, कोणी दिले, का दिले. आणि चान्स हे एकट्या खेळाडूच्या हातात नसतात, ते नियम ठरवतात, त्या काळाचा वेग ठरवतो, टीममधले बाकीचे चारजण ठरवतात आणि गंमत म्हणजे कधीकधी समोरची टीम पण ठरवते.

नियमाचं उदाहरण बघा. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना हरवलं, स्कोअर १९-१८. हो, पूर्ण मॅचचा स्कोअर. लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा उंच, त्या काळातला सगळ्यात भारी खेळाडू होता, तर पिस्टन्सनी ठरवलं की बॉल त्याच्यापर्यंत जाऊच द्यायचा नाही, नुसता आपल्याकडेच धरून ठेवायचा. त्यावेळी किती वेळ धरायचा याला काही मर्यादाच नव्हती. मायकनने १८ पैकी १५ पॉइंट्स एकट्याने केले, म्हणजे टीमचे ८३ टक्के, आणि आकडा मात्र फक्त १५. आता हा माणूस त्या दिवशी वाईट खेळला असं कोण म्हणेल? त्याला बॉलच खेळायला मिळाले नाहीत.

असल्या रटाळ मॅचेसना पब्लिक कंटाळलं आणि १९५४ मध्ये शॉट क्लॉक आलं. सिरॅक्यूज टीमचा मालक डॅनी बियासोने याचं गणित सोपं होतं, चांगल्या, रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात, मॅच ४८ मिनिटांची म्हणजे २८८० सेकंदांची, भागाकार करा, २४ येतात. तर २४ सेकंदात शॉट मारायचा, नाहीतर बॉल समोरच्याला. एका सीझनमध्ये टीमची मॅचमागची सरासरी ७९.५ वरून ९३.१ वर गेली. मला विचाराल तर मोठ्या स्कोअरचा खरा बाप हाच माणूस, पण त्याचा फोटो काही कोणी भिंतीवर लावत नाही.

त्यानंतर वेग वाढतच गेला, इतका की १९६१-६२ च्या सीझनला एक टीम मॅचला सरासरी १०८ च्या आसपास शॉट मारत होती. आजच्या एनबीएत हा आकडा ९० च्या आसपास असतो आणि मधे, २००५-०६ ला, तर ८० च्याही आत होता. म्हणजे १९६२ ची मॅच म्हणजे जास्तीच्या ओव्हर्सची वनडे समजा, सगळ्यांनाच जास्त बॉल. शॉट तेव्हा जास्त चुकायचे, चुकलेला बॉल रिंगवरून उडाला की उंच माणसाची चैन, आणि त्या सगळ्या उंच माणसांत ७ फूट १ इंचाचा विल्ट चेंबरलेन उभा.

२ मार्च १९६२, शुक्रवार. गाव हर्शी, पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं, चॉकलेटच्या कंपनीभोवती वसलेलं. विल्टची टीम फिलाडेल्फिया वॉरियर्स, पण नवीन प्रेक्षक मिळावेत म्हणून त्यांनी काही घरच्या मॅचेस हर्शीला ठेवल्या होत्या, त्यातली ही एक, समोर न्यूयॉर्क निक्स. प्रेक्षक फक्त ४,१२४. टीव्हीवर मॅच नाही, व्हिडिओ नाही, जे काही शिल्लक आहे ते शेवटच्या क्वार्टरच्या रेडिओ कॉमेंट्रीचं रेकॉर्डिंग आणि एक फोटो, ज्यात विल्ट हातात एक कागद धरून बसलाय आणि त्यावर पेनाने १०० लिहिलंय. तो कागद लिहिला वॉरियर्सचे पब्लिसिटी आणि आकडेवारी दोन्ही सांभाळणारे हार्वे पोलॅक यांनी. एवढी मोठी गोष्ट आणि पुरावा म्हणून एक चिठ्ठी, किराणा मालाच्या यादीसारखी.

निक्सचा नेहमीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, आजारी होता, त्यामुळे डॅरल इमहॉफवर विल्टला अडवायची जबाबदारी आली आणि तो बिचारा २० मिनिटांतच फाउलची मर्यादा संपवून बाहेर गेला. विल्टने पहिल्या क्वार्टरला २३ केले, हाफटाइमला ४१, तिसऱ्यानंतर ६९. इथपर्यंत हे फक्त एका राक्षसी दिवसाचं वर्णन आहे. पण चौथ्या क्वार्टरमध्ये मॅच राहिलीच नाही, वेगळाच खेळ चालू झाला. स्टेडियममध्ये माइकवरून त्याचा आकडा सांगत होते, पब्लिक ओरडतंय विल्टला द्या, विल्टला द्या, आणि निक्सना कळलं की आपण इतिहासाच्या चुकीच्या बाजूला सापडतोय. मग ते बॉल २४ सेकंद पुरेपूर धरून ठेवायला लागले, आणि वॉरियर्सकडे बॉल आला की विल्टपर्यंत पोचायच्या आत दुसऱ्याच कोणालातरी फाउल करायचे, म्हणजे फ्री थ्रो तो दुसरा मारेल. यावर वॉरियर्सनी काय केलं? २०-२० पॉइंट्सने पुढे असलेल्या टीमने उलट निक्सना मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली, घ्या तुमचे फ्री थ्रो, टाका, आणि बॉल आम्हाला परत द्या. पुढे असलेली टीम घड्याळ थांबवतेय आणि मागे असलेली टीम वेळ काढतेय, असं उलटं चित्र.

हे वाचताना आपल्याला पुण्याची एक गोष्ट आठवायलाच हवी. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं ग्राउंड, रणजी मॅच, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नॉट आउट. ब्रॅडमनच्या ४५२ च्या जागतिक विक्रमाला फक्त ९ रन्स कमी. आणि काठियावाडच्या कॅप्टनने पुढे खेळायला नकार दिला, मॅच सोडून दिली, विषय संपला. निंबाळकर ४४३ वरच राहिले. आता निक्सनाही त्या रात्री तेच करावंसं वाटत असणार, फरक एवढाच की त्यांना घरी जाता येत नव्हतं आणि बॉल फार तर २४ सेकंद धरता येत होता. शॉट क्लॉक नसतं तर चौथा क्वार्टर सगळा बॉल बगलेत मारून काढला असता त्यांनी आणि विल्टचा विक्रम ७० च्या घरातच अडकला असता, असं मला तरी पक्कं वाटतं.

शेवटी आकडा असा, ६३ पैकी ३६ शॉट आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो, स्कोअर १६९-१४७. यात मला सगळ्यात अजब वाटतात ते फ्री थ्रो. विल्ट हा फ्री थ्रोचा दरिद्री माणूस, पूर्ण करिअरमध्ये त्याचे निम्मेच जात असत, ५१ टक्के. त्या सीझनला तो दोन्ही हातांनी खालून, पायांच्या मधून बादलीने पाणी फेकावं तसा बॉल टाकत होता, आणि त्यामुळेच ६१ टक्क्यांपर्यंत सुधारला होता. नंतर त्याने ती पद्धत सोडली, कारण बावळट दिसतं म्हणून लाज वाटायची. परत आकडा पडला. दिसण्यासाठी माणूस काय काय सोडतो बघा. त्या सीझनच्या ६१ टक्क्यांच्या हिशोबाने त्या रात्री ३२ पैकी २० गेले असते, म्हणजे ९२, आणि आज आपण याविषयी एवढं बोलत पण नसतो कदाचित.

पण १०० पेक्षा मोठा आकडा त्याच सीझनमध्ये बाजूला पडलाय आणि त्याकडे लोक बघत नाहीत. विल्टची त्या सीझनची सरासरी ५०.४. एका मॅचची नाही बाबा, ८० मॅचेसची. आपण वर म्हणालो ना ५० म्हणजे हेडलाइन, तर या माणसाची रोजची भाजी-भाकरी ती होती. आणि मिनिटं? मॅचला सरासरी ४८.५. मॅच ४८ मिनिटांची असते हे लक्षात असेलच, तो अर्धा मिनिट ओव्हरटाइममुळे आला, कारण अख्ख्या सीझनमध्ये तो फक्त ८ मिनिटं बाहेर होता, तेही एकदा रेफरीने बाहेर काढला म्हणून. दमला म्हणून बसणं हा प्रकारच नाही. १०० ही एक रात्र होती, त्यात नशीब आलं, आजारी सेंटर आला, सुधारलेले फ्री थ्रो आले, पण ५०.४ मध्ये नशीब किती दिवस साथ देणार. आजच्या काळात कोणी एका मॅचला १०० करेल असं मी एकवेळ मान्य करेन, सीझनभर ५० कोणी करणार नाही.

आता १९७८ ला येऊ, कारण तिथे चान्स वाढायचं वेगळंच कारण सापडतं, ते म्हणजे सरासरीची शर्यत. ९ एप्रिल, सीझनचा शेवटचा दिवस. सर्वाधिक सरासरीचा मान कोणाला, यासाठी डेन्व्हरचा डेव्हिड थॉम्पसन आणि सॅन अँटोनियोचा जॉर्ज गर्विन असे दोघं एकमेकांना चिकटून. थॉम्पसनची मॅच आधी होती, डेट्रॉइटला, पोरगं पेटलं, पहिल्याच क्वार्टरमध्ये ३२ पॉइंट्स. विल्टने हर्शीला चौथ्या क्वार्टरमध्ये ३१ केले होते, तो विक्रम १६ वर्षांनी मोडला. थॉम्पसन एकूण ७३ करून थांबला. बातमी पोचली न्यू ऑर्लिन्सला, तिथे संध्याकाळी गर्विनची मॅच, आणि हिशोब निघाला की याला आता किमान ५८ पाहिजेत. गर्विनने दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३३ केले. म्हणजे १६ वर्षं टिकलेला विक्रम मोडून काही तासच झाले होते आणि तो परत मोडला! शेवटी त्याचे ६३, सरासरी २७.२२ विरुद्ध २७.१५, मान गर्विनला. दोघांच्याही टीम त्या दिवशी हरल्या, हे मात्र सांगताना लोक हळूच गाळतात.

अशा दिवशी काय होतं तर अख्खी टीम एका माणसासाठी राबते. १९९४ ला डेव्हिड रॉबिन्सननेही शेवटच्या दिवशी असेच ७१ काढले होते, शकील ओनीलला सरासरीत मागे टाकायला. यात फसवणूक काही नाही, पण हा चान्सचा पाऊस नॉर्मल मॅचमध्ये पडत नाही हे लक्षात ठेवावं.

म्हणूनच कोबी ब्रायंटचे ८१ मला वेगळे वाटतात. २२ जानेवारी २००६, लॉस एंजेलिस, समोर टोरोंटो रॅप्टर्स. हा काळ आठवा, टीम मॅचला ८० पण शॉट मारत नव्हत्या, लीगची सरासरी ९७, सगळं संथ. त्यातल्या त्यात कोबीच्या बाजूने एक गोष्ट होती, २००४ पासून बाहेरच्या खेळाडूला हात लावून अडवण्यावर रेफरी कडक झाले होते. पण बाकी परिस्थिती बघा, कोबीची टीम लेकर्स हाफटाइमला १४ ने मागे, तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला तर १८ ने, आणि टीममध्ये दुसरं कोणी चालत नव्हतं. म्हणजे कोबीने शॉट मारणं ही त्या दिवशी हौस नव्हती, मॅच वाचवायची गरज होती. पहिल्या हाफमध्ये २६, दुसऱ्यात ५५. दुसऱ्या हाफमध्ये पूर्ण टोरोंटो टीमने मिळून ४१ केले. स्कोअर १२२-१०४, ४६ पैकी २८ शॉट, त्यात ७ थ्री, २० पैकी १८ फ्री थ्रो, आणि विल्टच्या १०० नंतरचा तोपर्यंतचा सर्वात मोठा आकडा त्या रात्री नोंदला गेला.

दादा, आता इथे तुझ्यासाठी एक हिशोब काढलाय. कोबीचे ८१ म्हणजे टीमच्या १२२ पैकी ६६ टक्के. रोहित शर्माचे ईडन गार्डन्सवरचे २६४, नोव्हेंबर २०१४, टीमचे ४०४, टक्केवारी ६५. अगदी शेजारी शेजारी! आणि श्रीलंका २५१ ला ऑलआउट झाली होती, म्हणजे एकटा रोहित त्यांच्या अख्ख्या टीमवर भारी, जसा कोबी दुसऱ्या हाफमध्ये. विल्टचे मात्र १६९ पैकी १००, म्हणजे ५९ टक्के. आकडा मोठा, वाटा लहान. हे कळल्यावर दादा पहिल्यांदा नीट बसला खुर्चीत.

कोणी म्हणेल मग सरळ काळाप्रमाणे रूपांतर करून टाका ना, रुपयाच्या महागाईसारखं. करता येतं, २००६ ला टीमला ७९ च्या आसपास शॉट, १९६२ ला १०८, तर कोबीचे ८१ म्हणजे तेव्हाचे १११ वगैरे आणि विल्टचे १०० म्हणजे २००६ चे ७३. कट्ट्यावर भांडायला हे आकडे झकास आहेत, पण यावर फार विश्वास ठेवू नका, कारण १०८ शॉटच्या वेगाने कोबीला ४८ मिनिटं पळवलं असतं तर तिसऱ्या क्वार्टरला त्याचे पाय राहिले असते का, आणि विल्टला आजच्यासारखी चार्टर विमानं, फिजिओ आणि विश्रांती मिळाली असती तर काय झालं असतं, हे त्या भागाकारात कुठेच येत नाही.

आता गणिताची दुसरी बाजू, स्ट्राइक रेट. इथे सगळ्यात मोठी उलथापालथ केली ती थ्री पॉइंटच्या रेषेने. एनबीएत ती १९७९-८० ला आली, सुरुवातीला लोक तिला सर्कस समजायचे, टीम मॅचला तीनेक प्रयत्न करायच्या. आज ३५ च्या आसपास. कारण साधं आहे, तीनपैकी एक थ्री गेला तर ३ पॉइंट्स, आणि तीनपैकी दीड टू गेले तरी ३ पॉइंट्सच. म्हणजे लांबून ३३ टक्के म्हणजे जवळून ५० टक्के. एवढी सोपी तिसरीतली गोष्ट कळायला लीगला तीसेक वर्षं लागली, असो.

मग साध्या शॉटच्या टक्केवारीवर खेळाडू मोजणं चुकायला लागलं, म्हणून एक नवीन माप लोक वापरतात, ट्रू शूटिंग. घाबरू नका, नाव मोठं आहे पण आत फार काही नाही. खेळाडूने जितके शॉट मारले त्यात फ्री थ्रोचे ०.४४ पट मिळवायचे, हे झाले त्याने वापरलेले चान्स. ०.४४ का तर फ्री थ्रो बहुतेक जोडीने मिळतात, म्हणजे दोन मिळून एक चान्स, पण कधीकधी बास्केट गेल्यावर वर एक बोनस म्हणून पण मिळतो, तो वेगळा चान्स धरायचा नाही, म्हणून निम्म्यापेक्षा थोडं कमी. मग पॉइंट्सना त्या चान्सच्या दुपटीने भागायचं. झालं. विल्टच्या १०० चं ट्रू शूटिंग ६५ टक्के, कोबीच्या ८१ चं ७४. आणि २६ जानेवारी २०२४ ला लुका डॉन्चिचने अटलांटाविरुद्ध ७३ केले, ३३ पैकी २५ शॉट, त्यात १३ पैकी ८ थ्री, १६ पैकी १५ फ्री थ्रो, त्याचं येतं ९१ टक्के. विल्टने ७७ चान्स वापरले, लुकाने ४०. म्हणजे जवळपास निम्म्या बॉलमध्ये तीन चतुर्थांश रन्स. नुसता नेम बघायचा असेल तर माझं मत लुकाला.

नेमाच्या बाबतीत अजून एक माणूस सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, क्ले थॉम्पसन. हा बॉल हातात ठेवतच नाही, आला की मारला. २३ जानेवारी २०१५ ला सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने १३ शॉट मारले, १३ गेले. त्यातले ९ थ्री. वर दोन फ्री थ्रो, एकूण ३७, आणि गर्विनचा तो ३३ वाला विक्रम संपला. पुढे डिसेंबर २०१६ ला त्यानेच ६० केले, फक्त २९ मिनिटांत, आणि मोजणाऱ्यांनी मोजलं की अख्ख्या मॅचमध्ये त्याने बॉल जमिनीवर फक्त ११ वेळा टप्पा मारला आणि तो त्याच्या हातात मिळून दीड मिनिट होता. दीड मिनिटात ६० पॉइंट्स! हे कसं होतं तर बाकीचे चौघं त्याच्यासाठी आडोसा धरतात, पास देतात, तो फक्त मोकळ्या जागी पळत राहतो. ज्याचा रेकॉर्ड म्हणून आपण नाचतो त्याच्या हातात बॉलच नसतो बहुतेक वेळ.

आता यातली कडू बाजू. मोठा स्कोअर म्हणजे विजय असं नाही. मार्च २०१७ ला डेव्हिन बुकरने बोस्टनमध्ये ७० केले, वय वर्षं २०, टीम हरली १३०-१२०. शेवटी शेवटी त्याची टीम हरत असतानाही टाइमआउट घेत होती आणि मुद्दाम फाउल करत होती, फक्त त्याला अजून बॉल मिळावा म्हणून, बोस्टनवाल्यांना ते अजिबात आवडलं नाही. हर्शीचीच युक्ती, फक्त पराभूत टीमकडून. लुकाच्या ७३ च्याच रात्री याच बुकरने ६२ केले आणि परत हरला. आणि त्याच्या चार दिवस आधी, म्हणजे कोबीच्या ८१ च्या वाढदिवशीच, जोएल एम्बीडने ७० करून मॅच जिंकली आणि तिकडे कार्ल-अँथनी टाउन्स ६२ करून हरला, इतका की त्याच्याच कोचने नंतर सगळ्यांसमोर टीमला झापलं. एकाला चारी बाजूंनी बॉल भरवत बसलं की बाकीचे चार प्रेक्षक होतात आणि डिफेन्सला उशिरा पळतात, ही गोष्ट गल्लीतल्या कोर्टवर पण दिसते.

याउलट डॉनोव्हन मिचेलचे ७१, २ जानेवारी २०२३, शिकागोविरुद्ध. शेवटच्या काही सेकंदांत त्याने फ्री थ्रो मुद्दाम चुकवला, उडालेला बॉल स्वतःच पकडून आत घातला आणि मॅच बरोबरीत नेली, मग ओव्हरटाइममध्ये १३ आणि विजय. शिवाय ११ असिस्ट, म्हणजे दुसऱ्यांनाही बास्केट करायला लावले. कोबीच्या नावावर ८१ च्या रात्री असिस्ट फक्त २ होते. यावरून कोबीप्रेमींशी माझी भांडणं झालीत, ती इथे काढत नाही.

समोरचा कोण, हाही प्रश्न आहेच. युगोस्लाव्हियाच्या लीगमध्ये ड्राझेन पेट्रोविचने ऑक्टोबर १९८५ मध्ये एका मॅचला ११२ केले होते, विल्टपेक्षाही जास्त, पण समोरच्या क्लबने खेळाडूंच्या नोंदणीचा घोळ घातल्यामुळे त्यांना ज्युनिअर पोरं उतरवावी लागली होती. आपल्याकडे कल्याणच्या प्रणव धनावडेने २०१६ ला शालेय मॅचमध्ये नाबाद १००९ केले तेव्हा हाच वाद झाला होता ना, समोर कोण होतं वगैरे. माझं म्हणणं, खेळणाऱ्याचा त्यात दोष नाही, पण आकडा कपाटात कुठल्या खणात ठेवायचा ते मात्र वेगळं ठरवावं लागतं. तसंच डब्ल्यूएनबीएचं, म्हणजे बायकांच्या लीगचं, तिथे मॅच ४० मिनिटांची, म्हणून लिझ कॅम्बेज (२०१८) आणि एजा विल्सन (२०२३) यांचे ५३ हे ४८ मिनिटांच्या हिशोबाने ६३-६४ होतात.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर ऑक्टोबर २०१९ आठवा, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्सच्या दोन प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या, मॅचेस झाल्या होत्या, पहिली ओव्हरटाइमला गेली, १३२-१३१. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. हो, तेच किंग्ज ज्यांच्यावर क्लेने ते ३७ काढले होते. आपला संबंध कुठे ना कुठे निघतोच, बहुतेक मार खाणाऱ्याच्या बाजूने.

परत हर्शीला जाऊ, कारण माझी आवडती गोष्ट राहिलीच. ४६ सेकंद बाकी होते, विल्टचे ९८ झालेले. आधीचे शॉट चुकले, बॉल परत मिळाला, तो जो रुकलिक नावाच्या राखीव खेळाडूकडे आला. रुकलिकचे त्या मॅचमधले पॉइंट्स शून्य. त्याने स्वतः शॉट न मारता बॉल आत विल्टकडे दिला, विल्टने घातला, १००, आणि पब्लिक धावत कोर्टवर. सगळे विल्टकडे पळत होते तेव्हा रुकलिक उलट्या दिशेला पळाला, स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे, असिस्ट आपल्या नावावर नीट लिहिलाय ना ते बघायला.